पहिला लॅपटॉप घेताना: बेळगाव-खानापूर भागातल्या पोरापोरींसाठी

पीयूसीचे (बारावीचे) निकाल लागले, सीईटीचा नंबर हातात आला की माझा फोन दुपारपर्यंत टिकत नाही. नंदगडचे मामा, येळ्ळूरची मावशी, नाहीतर शाळेत बरोबर असलेल्या कुणाचा तरी भाऊ. प्रश्न ठरलेला: "पोराला लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ सांग की." मी नाव सांगत नाही. उलट चार प्रश्न विचारतो, मग मामा वैतागतात. तेच प्रश्न एकदाचे लिहून काढतोय.

मी जांबोटी भागातला. चार वर्षं बसने बेळगावला येऊन इंजिनिअरिंग केलं. पहिला लॅपटॉप घेतला तो दुकानातल्या लाल दिव्यांच्या कीबोर्डवर भाळून. वजन अडीच किलो, वर अर्ध्या किलोचा चार्जर, बॅटरी जेमतेम दोन तास. आठव्या महिन्यात स्क्रीनवर पट्टे आले तेव्हा कळलं, त्या कंपनीचं अधिकृत सेंटर बेळगावात नव्हतंच. हुबळीला दोन खेपा झाल्या, आणि इंटर्नल्सच्या आठवड्यात मी मित्राच्या लॅपटॉपवर जर्नल लिहीत होतो. तेव्हापासून कुणी "कुठला भारी?" विचारलं की मी आधी विचारतो, बिघडला तर नेणार कुठे?

1. कॉलेज सुरू होईपर्यंत पैसे खिशात ठेवा

ॲडमिशनच्या दिवशीच लॅपटॉप घ्यायची घाई आईवडिलांना जास्त असते. व्हीटीयूच्या (आपल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) पहिल्या सेमिस्टरला बहुतेक सगळं काम कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं. डिग्री कॉलेजात तर पहिले काही महिने वही-पेनवरच जातात. महिना-दीड महिना थांबा. तेवढ्यात दोन माणसं गाठा: तुमच्याच शाखेचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि लॅबमधले इन्स्ट्रक्टर. सरांपेक्षा इन्स्ट्रक्टरना नेमकं ठाऊक असतं कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या मशीनवर रडतं.

थांबण्यात तोटा नाही. जुलै-ऑगस्टमधल्या कॉलेजच्या ऑफर हुकल्या तर दसरा-दिवाळीचे सेल असतातच.

2. कोर्सला काय लागतं ते आधी लिहा

बीकॉम, बीबीए करणाऱ्यांना आज ना उद्या टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, लागणार. टॅली प्राइम विंडोजवर चालतं. त्यामुळे टॅब, क्रोमबुक किंवा हौसेने घेतलेलं मॅकबुक इथे अडतं. शिकण्यासाठी टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढं पुरतं. त्यापायी क्रॅक केलेलं टॅली कुणाच्या पेनड्राईव्हवरून घेऊ नका. बीकॉमच्या पोराला साधा, हलका, 8 जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी) लॅपटॉप पुष्कळ झाला.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना ऑटोकॅड, पुढे रेव्हिट वगैरे आराखडे काढायची सॉफ्टवेअर. ती बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ही सॉफ्टवेअर एक वर्षासाठी मोफत देते आणि शिकत असाल तोवर दरवर्षी नूतनीकरण होतं. कॉलेजचं ओळखपत्र किंवा ॲडमिशनचा कागद तेवढा अपलोड करावा लागतो. इथे 16 जीबी रॅम घ्या.

कॉम्प्युटर सायन्सचा मुलगा दुकानात गेला की त्याला गेमिंग लॅपटॉप दाखवतात. "कोडिंगला लागतोच की हो ग्राफिक्स कार्ड." नाही लागत. जावा, पायथन, डेटाबेस, वेबसाइट, सगळं साध्या आय5 किंवा रायझन 5 प्रोसेसरवर चालतं. फक्त रॅम 16 जीबी हवी, कारण अँड्रॉइड स्टुडिओ (फोनची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर एकदम उघडले की 8 जीबी धापा टाकते. मशीन लर्निंगच्या प्रयोगांना गूगल कोलॅब आहे, जड काम त्यांच्या सर्व्हरवर होतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची ऑनलाईन आवृत्ती महिन्याला 20 तास फुकट मिळते.

ग्राफिक्स कार्ड खरोखर लागतं ते आर्किटेक्चरवाल्यांना आणि थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंगचं मनापासून करणाऱ्यांना. बाकीच्यांनी गेम खेळायचा असेल तर तसं घरी खरं सांगून घ्यावं. अभ्यासाच्या नावावर नको.

3. टॅब घेऊ का?

मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, बीए: जिथे वाचन अफाट आणि सॉफ्टवेअर थोडं, तिथे 10-11 इंचाचा टॅब आणि पेन ही जोडी उत्तम. पीडीएफवर खुणा करता येतात, वजन अर्धा किलो. पेन घेताना स्क्रीनवर तळहात टेकवून लिहून बघा. तळहाताच्या रेघा उमटत असतील तर तो टॅब लिहायचा नव्हे. मात्र प्रोजेक्ट रिपोर्ट आणि एक्सेलसाठी टॅब गैरसोयीचाच.

4. डब्यावरचे आकडे वाचायला शिका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून हे सावकाश वाचा.

गेल्या वर्षी मावसभावाबरोबर दुकानात उभा होतो. समोर दोन लॅपटॉप, दोन्हींवर "रायझन 5" चा स्टिकर, दोन्ही 8 जीबी, किमतीत चार हजारांचा फरक. भाऊ म्हणाला, "स्वस्तातला घेऊया की, सेमच आहे." मी पूर्ण नंबर वाचायला लावला. एक 7520यू, दुसरा 7530यू. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या 7000 मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा आकडा बघायचा: तो आतली रचना कुठल्या पिढीची ते सांगतो. या पिढ्यांना झेन म्हणतात: 2 म्हणजे झेन 2, 3 म्हणजे झेन 3, 4 म्हणजे झेन 4. 7520यू मध्ये चार कोअर (काम करणारे भाग) आणि जुनी रचना, 7530यू मध्ये सहा कोअर. वर त्या स्वस्त मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली होती, पुढे वाढवायची सोयच नाही. चार हजार वाचवून चार वर्षं कुढत बसला असता.

इंटेलमध्ये आय3, आय5 च्या पुढचे आकडे पिढी सांगतात: 1235यू म्हणजे बारावी, 1315यू म्हणजे तेरावी. शेवटचं अक्षर यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जोरकस पण बॅटरी पिणारा. बसने येणाऱ्याला यू बरा. डब्यावर आय3-आय5 काहीच नसून नुसतं "इंटेल प्रोसेसर" किंवा सेलेरॉन असेल तर तो पूर्वीच्या नेटबुकचाच (छोट्या, कमजोर लॅपटॉपचा) भाऊ. चार ब्राउझर टॅब उघडले की संपला.

रॅमबद्दल दुकानदाराला एकच प्रश्न: "मोकळा स्लॉट आहे का?" असेल तर 8 जीबीवर घेऊन नंतर वाढवता येते. रॅम सगळी सोल्डर केलेली असेल तर आजच 16 घ्या. साठवणीला जुनी फिरती हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी, 512 जीबी.

स्क्रीनकडे कुणी बघत नाही, आणि डोळे मात्र रोज तिथेच. 1920 गुणिले 1080 आणि आयपीएस (कुठल्याही बाजूने नीट दिसणारी स्क्रीन) असं लिहिलेलं पाहिजे. स्वस्त स्क्रीन बाजूने बघितली की रंग पांढुरके पडतात. दुकानात लॅपटॉप उघडून डावी-उजवीकडे सरकून बघा, लाजू नका. उजेड 250 निट्सचा असेल तर खिडकीजवळ त्रास होतो, 300 च्या पुढे बरं.

बॅटरीचे तास सांगतात ते ऐकून सोडून द्या. डब्यावर वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते ते, बघा. 42 च्या आसपास असेल तर कॉलेजचा दिवस कसाबसा, 50 च्या वर असेल तर निवांत. वजन 14 इंचीचं साधारण दीड किलोच्या आत येतं. 15.6 इंचीला थोडं जास्त. हिंडलग्याहून सायकलने जाणाऱ्याला तेवढा फरक जाणवत नसेल, पण खानापूरहून उभ्याने येणाऱ्याला विचारा. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली, पोरींचं कॉलेज सोपं झालं हे उत्तमच, पण सकाळच्या बसला बसायला जागा मिळेल या हिशेबाने लॅपटॉप घेऊ नका.

शेवटचं: विंडोज आहे का. काही स्वस्त मॉडेल "डॉस" लिहून विकतात, म्हणजे आत विंडोज नाही. दुकानदार म्हणतो, "आम्ही टाकून देतो की." ते टाकतात ते चोरीचं विंडोज.

5. पिनकोडची परीक्षा

मॉडेल ठरलं की पैसे द्यायच्या आधी हे करा. कंपनीच्या वेबसाइटवर सर्व्हिस सेंटरच्या पानावर बेळगावचं नाव टाका. सेंटर दिसलं तर तिथे फोन लावा. तीन गोष्टी विचारा: लॅपटॉप इथेच दुरुस्त होतो की नुसता घेऊन पुढे हुबळी-बेंगळुरूला पाठवता? साधारण किती दिवस? आणि माझ्या गावाच्या पिनकोडला ऑनसाइट, म्हणजे घरी दुरुस्तीला, येता का?

हा तिसरा प्रश्न खास आपल्यासाठी. डब्यावर मोठ्या अक्षरात "ऑनसाइट वॉरंटी" लिहिलेलं असतं. टिळकवाडीच्या पत्त्यावर माणूस येतोही. पण कणकुंबीच्या पिनकोडवर तो यायला तयार असेलच असं नाही. तसं असेल तर वॉरंटीच्या नोंदणीत बेळगावातल्या नातेवाइकाचा किंवा रूमचा पत्ता टाकता येतो का ते विचारून घ्या. कॉलेज कोल्हापूरला किंवा पुण्याला मिळालं असेल तर चौकशी तिथली करा. निपाणीकरांना तर कोल्हापूरच जवळ पडतं.

वॉरंटी किती वर्षांची विचारताना बॅटरीची वेगळी विचारा. लॅपटॉपला दोन-तीन वर्षं आणि बॅटरीला एकच, असं सर्रास असतं. पडझड, पाणी साध्या वॉरंटीत येत नाही, त्याचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं, तेही खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच. आपल्याकडचा पाऊस बघता मी ते घ्यायला सांगतो.

6. बेळगाव, कोल्हापूर, गोवा की ऑनलाईन

"गोव्यात स्वस्त मिळतो" हे वाक्य आमच्याकडे पिढीजात आहे. व्हॅट होता तेव्हा राज्याराज्यांत कराचा फरक पडायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि लॅपटॉपवरचा 18 टक्के कर पणजीत, कोल्हापुरात, खडेबाजारात सारखाच झाला. फरक उरला तो दुकानदाराच्या मार्जिनचा. तेवढ्यासाठी चोर्ला घाट उतरू नका.

ऑनलाईन किंमत बघून ठेवा आणि तीच गावातल्या दुकानात दाखवा. हजार-दीड हजाराचा फरक असेल तर मी दुकानातून घेतो, कारण पहिल्या आठवड्यात काही निघालं तर समोर उभं राहून बोलायला माणूस असतो. फरक पाच हजारांचा असेल तर ऑनलाईन. बॉक्स उघडताना अखंड व्हिडिओ काढा, सील, सिरियल नंबर आणि पहिल्यांदा स्क्रीन चालू होणं एकाच व्हिडिओत यायला हवं.

"नो कॉस्ट ईएमआय" पूर्ण फुकट नसतो. व्याजाएवढी सूट देतात हे खरं, पण त्या व्याजावर बँक 18 टक्के जीएसटी लावते, वर प्रोसेसिंग फी. मग एकूण किती भरणार ते कागदावर मांडून मागा. शैक्षणिक कर्ज काढत असाल तर कोर्ससाठी लागणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्च त्याच अर्जात दाखवता येतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. त्यासाठी दुकानाचं कोटेशन आधी घ्यावं लागतं.

बरोबर न्यायचे कागद:

- आधार आणि पॅन, हप्त्यावर घेणार असाल तर वडिलांचे किंवा आईचे
- बँक पासबुकाची झेरॉक्स आणि एक रद्द केलेला चेक
- कॉलेजचं ओळखपत्र किंवा फी भरल्याची पावती
- ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन

हा फोन बहुतेक वेळा घरी राहतो, आणि दुकानातून घरी फोन करून "आई, मेसेजमधले सहा आकडे वाच" असं चालू होतं. दुसरी अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, पासबुकावर आडनावाऐवजी गावाचं नाव. हप्ता तिथेच अडकतो. आदल्या दिवशी तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

बिल पक्कं, जीएसटीचं, सिरियल नंबर छापलेलं हवं.

7. जुना घेणार असाल

बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप आपल्याकडे पुष्कळ येतात. बांधणी दणकट असते आणि अडचणीतल्या घरासाठी तो खरोखर चांगला मार्ग आहे, फक्त तीन गोष्टी तपासा.

पिढी: विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. आय5-6300यू, 7200यू असे नंबर दिसले की कितीही चकचकीत असला तरी नको म्हणा.

बॅटरी: विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, दुकानदाराला काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला राहणारी क्षमता शेजारी-शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. मी असं न बघता एक घेतला होता. महिन्याभरात टचपॅड दाबला जाईना. मी माऊस लावून रेटत राहिलो. शेवटी मागचं झाकण उघडलं तर बॅटरी पावासारखी फुगून टचपॅडला खालून ढकलत होती. अशी बॅटरी दिसली तर चार्जिंग तिथल्या तिथे बंद करायचं, टोचायचं-दाबायचं नाही.

कुलूप: तुमच्यासमोर विंडोज रिसेट करून परत चालू करायला सांगा. सुरू होताना कुठल्या तरी कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या खात्याला बांधलेला आहे. पैसे परत खिशात घाला.

8. पाऊस, लाईट, बस

जून ते सप्टेंबर खानापूर भागात सॅकचं रेनकव्हर पुरत नाही. पाणी पाठीकडून झिरपतं. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून, मग सॅकमध्ये. तरी भिजलाच तर बटण दाबून "चालू होतो का" बघायचा मोह टाळा. बंद करा, चार्जर लावू नका, सरळ दुरुस्तीला न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही.

धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगटाला मुंग्या येतात? बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो, घरात अर्थिंग नसतं. किंवा तीन पिनी प्लगची जाड पिन कुणीतरी मोडून तो दोन पिनी सॉकेटमध्ये खुपसलाय. वायरमनला बोलवा. वीज येता-जाता लॅपटॉपला विजेच्या दाबाचे झटके बसतात त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड घ्या, आणि लाईट गेली की चार्जर काढून ठेवायची सवय लावा.

पॉवर बँकेचा हिशेब: 10,000 एमएएच म्हणजे साधारण 37 वॅट-अवर, आणि लॅपटॉपची बॅटरी 50 ची. शिवाय तो फोनचा पॉवर बँक लॅपटॉपला लागणारा दाबच (व्होल्टेज) देत नाही. लॅपटॉपसाठी 20,000 एमएएचचा, 65 वॅट पॉवर डिलिव्हरीचा लागतो, आणि लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेणारा हवा. पुष्कळ स्वस्त मॉडेलमध्ये तो नुसता डेटासाठी असतो. चार्जर हरवला तर बिननावाचा स्वस्त घेऊ नका.

रेंजचं काय सांगू. जंगलाकडच्या गावांत व्हिडिओ लेक्चर अडखळतं, उचगावपलीकडे गेलात की फोनला महाराष्ट्राचा टॉवर मिळतो. जड फाइली कॉलेजच्या वायफायवर उतरवून घरी न्या.

9. पहिल्या आठवड्यात

विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड जोडा. विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. व्हीटीयूत कन्नड न येणाऱ्यांना बळके कन्नडचा (रोजच्या वापरातल्या कन्नडचा) पेपर असतो, आणि घरचं पत्र, मंडळाची पत्रिका मराठीतच लिहायची असते.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राईव्ह लावला की घरी येताना तो व्हायरस घेऊन येतो: फोल्डर गायब, जागी शॉर्टकट. प्रिंटची फाइल मेलने पाठवा. "1 टीबी पेनड्राईव्ह 500 रुपये" हा खोटा असतो, दाखवतो 1 टीबी, ठेवतो त्याच्या दशांशही नाही.

कंपनीच्या साइटवर वॉरंटी नोंदवा. बिलाचा आणि लॅपटॉपखालच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा, कारण चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा तोच नंबर विचारतात. माझ्या मित्राचा लॅपटॉप रूमवरून गेला तेव्हा त्याच्याकडे ना बिल होतं ना फोटो. घरी फोन केला. खोका आईने टाकला नव्हता. त्यात वर्षाच्या संकेश्वरी मिरच्या भरून माळ्यावर चढवला होता. त्याच्या बहिणीने शिंकत-शिंकत खोक्यावरचा नंबर वाचून दाखवला, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली.